व्यवसायशिक्षण कोणाच्या मुलांसाठी?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर, पुनरुक्ती वगळून.)



'शाळेनंतर काय?' असा विषय संयोजकांनी मला दिला आहे. दहावी-बारावीचे निकाल लागले की हा प्रश्न घरोघर उभा राहतो. पंधरा दिवस वर्तमानपत्रांची पाने त्याने भरतात, गावोगाव मार्गदर्शन मेळावे होतात, चौकाचौकांत क्लासचे फलक लागतात. आणि पावसाळा सुरू झाला की प्रश्न विझतो. आपणही त्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही, हे प्रथमच मान्य करतो. फीवाढीविरुद्ध आपण मोर्चे काढले, शाळा बंद करण्याविरुद्ध धरणे धरली. परंतु शाळेच्या आत मुलाला काय शिकवले जाते, आणि ते शिकून तो नेमका कोठल्या दाराशी जाऊन उभा राहतो, हा तज्ज्ञांचा प्रांत आहे असे मानून आपण बाजूला राहिलो. तज्ज्ञांनी या प्रश्नाचे काय केले ते पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुल्यांनी निवेदन सादर केले. बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यातील मागणी आपल्याला पाठ आहे. त्याच निवेदनातील दुसरी मागणी मात्र आपण विसरलो. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावा, प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस हाती धरायला त्याला लाज वाटू नये, असे जोतीराव म्हणत होते. अभ्यासक्रमात त्यांनी मोडी-बाळबोध वाचन-लेखन आणि हिशेबाबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान व आरोग्याचे नियम घातले होते. म्हणजे हाताचे शिक्षण त्यांना सर्वांसाठी हवे होते, आणि ते देणारा गुरू हाताने काम करणाऱ्यांतला हवा होता.

हंटर आयोगाने काय केले? माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांत दोन फाटे पाडा, असे सुचवले. एक फाटा विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेकडे जाणारा, दुसरा व्यापार-व्यवहाराच्या कामाकडे. दुसऱ्या फाट्याकडे कोणी फिरकले नाही. फिरकणार कसे? सरकारी नोकरी मॅट्रिकला मिळत होती. ज्या दाराआड पगार असतो त्याच दाराशी गर्दी होते, हे समजायला आयोग नेमावा लागत नाही.

त्यानंतर हे दोन फाटे आपला पिच्छा सोडत नाहीत. १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोग बसला. त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्या कोल्हापूरकडचे, गारगोटीच्या मातीत काम केलेले. आयोगाने कार्यानुभव प्रत्येक मुलासाठी सांगितला आणि उच्च माध्यमिक टप्प्यावरील निम्मी मुले व्यवसायशिक्षणाकडे वळावीत असे म्हटले. त्यातून आलेल्या १०+२+३ या आकृतिबंधाची पहिली दहावी महाराष्ट्रात १९७५ साली झाली. कार्यानुभवाचे पुढे काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले आहे: खडूच्या कांड्या, कागदी फुले आणि वर्षाअखेरीस बाजारातून विकत आणलेले तोरण. १९८६ च्या धोरणाने १९९० पर्यंत दहा टक्के आणि १९९५ पर्यंत पंचवीस टक्के विद्यार्थी व्यवसायशिक्षणात आणण्याचे ठरवले. ते जमले नाही, तेव्हा १९९२ साली तीच टक्केवारी ठेवून मुदत प्रत्येकी पाच वर्षे पुढे ढकलण्यात आली. २०२० च्या धोरणाने २०२५ पर्यंत निदान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसायशिक्षणाचा परिचय व्हावा असे लिहिले. शब्दाकडे लक्ष द्या: आता केवळ 'परिचय'. त्याच धोरणात बाराव्या पंचवार्षिक योजनेचा आकडा उद्धृत केला आहे. १९ ते २४ वयोगटातील कामकऱ्यांपैकी औपचारिक व्यवसायशिक्षण मिळालेले आपल्याकडे पाच टक्क्यांहून कमी, तर अमेरिकेत ५२, जर्मनीत ७५ आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के. अशी तुलना वाचली की आपले अधिकारी जर्मनीला जाऊन येतात. जर्मनीत कुशल कामगाराला काय वेतन मिळते आणि त्याची संघटना कारखान्याच्या कारभारात कोठवर बसते, याचा उल्लेख परतल्यावरच्या अहवालात सहसा नसतो.

असो. आकड्यांपेक्षा मला जे प्रत्यक्ष दिसले त्याविषयी बोलणे अधिक बरे.

१९८८-८९ पासून महाराष्ट्रात अकरावी-बारावीच्या टप्प्यावर 'किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम' सुरू झाले. एमसीव्हीसी या नावाने ते सर्वांना परिचित आहेत. तांत्रिक, वाणिज्य, कृषी, मत्स्य, निमवैद्यकीय, गृहविज्ञान असे गट होते. मी ज्या संस्थेत शिकवत होतो तेथे असे तीन अभ्यासक्रम आले. कल्पना वाईट नव्हती. निम्म्याहून अधिक वेळ कार्यशाळेत, शेवटी प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी प्रशिक्षण, आणि तांत्रिक शाखेच्या मुलाला पदविकेच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश. मुले आली तेव्हा त्यांच्यापैकी काहींचे हात असे चालत, की आम्ही शिक्षक पाहत राहावे. नववीत गणितात नापास झालेला एक मुलगा मोटरचे वेटोळे गुंडाळताना फेऱ्यांचा हिशेब तोंडी करीत असे. शाळेने त्याला दहा वर्षे 'ढ' ठरवले होते.

पण मुले येत कशी होती? बहुतेक वेळा ढकलली जाऊन. विज्ञानाला प्रवेश मिळाला नाही, वाणिज्यला मिळाला नाही, तर 'एमसीव्हीसी आहेच'. मुख्याध्यापकापासून शिपायापर्यंत सर्वांनी त्या वर्गाकडे पाहण्याची नजर ठरलेली होती. कार्यशाळेच्या यंत्रांसाठी अनुदान एकदा आले. दुरुस्तीसाठी त्यानंतर आम्ही पत्रे लिहीत राहिलो. पटसंख्या कमी झाली की तुकडी जाणार, तुकडी गेली की शिक्षक अतिरिक्त ठरणार. म्हणून दर जूनमध्ये आम्ही मोटारसायकलींवर बसून खेडोपाडी मुले गोळा करायला निघत असू. आपली नोकरी टिकावी म्हणून दुसऱ्याच्या मुलाचे आयुष्य घडवण्याचे भाषण करायचे, हे काम मी अनेक वर्षे केले.

अशाच एका फेरीत एका सुताराच्या अंगणात मी बसलो होतो. मुलगा दहावी झालेला, हात चांगला. मी श्रमप्रतिष्ठेवर बोललो, गांधीजींचे नाव घेतले, बेकार पदवीधरांचे दाखले दिले. मिस्त्री रंधा बाजूला ठेवून शांतपणे ऐकत होते. माझे संपल्यावर त्यांनी एकच विचारले : "गुरुजी, तुमची पोरगी कुठं घातलीया?"

माझी मुलगी त्या वर्षी जिल्ह्याच्या गावी विज्ञान शाखेत होती. केवळ विज्ञान शाखेत नव्हे, तिला 'इलेक्ट्रॉनिक्स' हा द्विलक्षी विषयही घेऊन दिला होता. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. द्विलक्षी अभ्यासक्रम म्हणजे विज्ञानाच्या मुलांना दोनशे गुणांचा एक व्यावसायिक विषय, दुसरी भाषा आणि एक वैकल्पिक विषय यांच्या बदली. हेतू असा, की कॉलेजला न जाणाऱ्या मुलाच्या हाताला काम मिळावे. प्रत्यक्षात तो विषय घेण्यासाठी झुंबड उडत असे ती अभियांत्रिकीला जाणाऱ्यांची, कारण त्यात प्रात्यक्षिकाचे गुण भरभरून मिळत आणि जीवशास्त्र टळत असे. तेव्हा पाहा, व्यवसायशिक्षणाच्या नावाने सरकारने दोन वर्ग काढले. ज्या वर्गात खरोखर काम शिकवले जाई तेथे मिस्त्रींच्या मुलाला बोलवायला मी गेलो होतो. ज्या वर्गात कामाच्या नावाने गुण मिळत तेथे मी माझी मुलगी घातली होती. मिस्त्रींना मी उत्तर दिले नाही. चहा घेऊन उठलो.

येथे आपल्यातील काही साथी, विशेषतः तरुण साथी, एक आक्षेप घेतील आणि तो वजनदार आहे. ते म्हणतील, हाताचे शिक्षण ही गोष्टच मुळात जातीच्या चौकटीत मुलांना बांधणारी आहे. सुताराचा मुलगा सुतार, कुंभाराचा कुंभार. याला इतिहासाचा आधार आहे. १९५३ साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारींनी प्राथमिक शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा अशी योजना आणली. पेरियार आणि द्रविड चळवळीने तिला 'कुलकल्वी', म्हणजे कुळधंद्याचे शिक्षण, असे नाव दिले आणि रान उठवले. १९५४ मध्ये राजाजींना पायउतार व्हावे लागले आणि कामराजांनी ती योजना गुंडाळली. द्रविड चळवळीचे त्या बाबतीत अगदी बरोबर होते. ब्राह्मणाच्या मुलाने घरी जाऊन वेद म्हणायचे आणि चांभाराच्या मुलाने कातडे कमवायचे, याला शिक्षण म्हणणे ही थट्टा होती.

नयी तालीमचे काय, असे यावर कोणी विचारील. १९३७ साली वर्ध्याला भरलेल्या परिषदेत आणि झाकीर हुसेन समितीच्या आराखड्यात हस्तोद्योग हा सर्व ज्ञानाचा मध्यबिंदू धरला होता, जातीचा धंदा नव्हे. सेवाग्रामला आर्यनायकम् दांपत्याने तो प्रयोग निष्ठेने चालवला. पण स्वातंत्र्यानंतर सरकारने मूलोद्योग शाळा काढल्या त्या खेड्यांत आणि गरिबांच्या वस्त्यांत. ज्या सचिवांनी त्यांचे हुकूम काढले त्यांची मुले इंग्रजी शाळांत गेली. गांधीजींची योजना टकळीमुळे पडली असे थट्टेने म्हणतात. माझे मत निराळे आहे : ती सर्वांना लागू केली गेली नाही म्हणून पडली.

म्हणून आक्षेप घेणाऱ्या साथींना मी एवढेच सुचवीन, की हाताचे काम मुलाला कॉलेजपर्यंत पोहोचवते की कॉलेजचे दार त्याच्यावर लावून घेते, ही कसोटी ठेवा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह उघडले आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केले. त्या कॉलेजात 'कमवा आणि शिका' योजनेतील मुलांनी जमीन खणली, दगड फोडले, शेती केली, आणि सकाळी घमेले उचलणारा मुलगा दुपारी अर्थशास्त्राच्या तासाला बसला. घमेले उचलतो म्हणून त्याने बी.ए. होऊ नये, असे कर्मवीरांच्या मनातही आले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी ठेवले. दोघांनीही मुलाच्या पोटाचा विचार केला, पण 'तुझ्यासाठी वेगळे, कमी प्रतीचे शिक्षण' असे म्हटले नाही.

मुंबईच्या गिरणगावातील रात्रशाळेत मी उमेदीच्या काळात दोन वर्षे शिकवले आहे. साच्यावरून सुटून मुले नऊ वाजता वर्गात येत. केसांत कापसाचे तंतू अडकलेले असत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा प्रथम पट वाढला, कारण मुलांना वेळ मिळाला. पुढे महिने उलटले तसे एकेक जण गावाकडे गेला. फळ्यावर मी बीजगणित लिहीत होतो, समोर चार मुले होती. त्यांना कौशल्याची वाण नव्हती. गिरणीतले काम ती माझ्यापेक्षा कितीतरी चांगले जाणत होती. कौशल्य असून गिरणीच उरली नाही, तर 'रोजगारक्षम' मनुष्याने काय करावे? आज कौशल्यविकासाची जी भाषा बोलली जाते, तीत बेकारी ही नेहमी बेकाराच्या अंगची उणीव असते. त्याच्याजवळ कौशल्य नाही म्हणून त्याला काम नाही, असे तिचे गृहीत आहे. गिरणगावाने हे गृहीत चाळीस वर्षांपूर्वीच खोटे ठरवले आहे.

एक चांगले उदाहरण द्यायलाच हवे, नाहीतर केवळ रडगाणे गाऊन आलो असे होईल. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात पाबळ नावाचे कोरडवाहू गाव आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे मोठ्या कंपनीतील संशोधक ती नोकरी सोडून तेथे गेले आणि १९८३ साली त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेतील आठवी ते दहावीच्या मुलांसाठी त्यांनी मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय बसवला. आठवड्यातून एक दिवस मुले पाटी-पुस्तक बाजूला ठेवतात आणि वेल्डिंग, सुतारकाम, वीजजोडणी, शेती-पशुपालन, अन्नप्रक्रिया, आरोग्य असे सगळेच करतात. एकाने एकच धंदा धरायचा नाही, मुलामुलींत भेद करायचा नाही. मुली वेल्डिंग करतात, मुलगे रक्तातील हिमोग्लोबिन तपासतात. शिकवायला गावातीलच कारागीर. जोतीरावांनी १८८२ ला मागितलेला शिक्षक शंभर वर्षांनी पाबळला भेटला, असे म्हणायला हरकत नाही. मुलांनी केलेले काम गावाच्या उपयोगी पडते आणि त्याचा मोबदला शाळेत येतो. माध्यमिक शालान्त मंडळाने या विषयाला मान्यता दिली, आणि त्यातून गेलेली मुले पुढे कॉलेजलाही गेली. डॉ. कलबाग २००३ मध्ये वारले, काम चालू आहे. पण ते काही थोड्या शाळांत चालू आहे, आणि त्यात शहरातील नामांकित शाळा शोधाव्या लागतात.

आता दुसऱ्या फाट्याकडे थोडे पाहू, म्हणजे कॉलेजकडे जाणाऱ्या. तेथील तयारी शाळेच्या हातातून केव्हाच निसटली. लातूरसारख्या ठिकाणी एके काळी कॉलेजातील प्राध्यापक जादा तास घेऊन मुलांची तयारी करीत आणि त्या पद्धतीचे राज्यभर नाव झाले. आज त्या कामाचा धंदा झाला आहे. मुलाचे नाव कागदोपत्री कनिष्ठ महाविद्यालयात, मुलगा दिवसभर क्लासमध्ये. २०१८ मध्ये शासनाने विज्ञान शाखेच्या मुलांची हजेरी यंत्रावर बोट ठेवून घ्या असा आदेश काढला. बोटे ठेवली गेली की नाही हे आपापल्या तालुक्यात पाहावे. २०२४ च्या जानेवारीत केंद्राने सोळा वर्षांखालील मुलांना क्लासने घेऊ नये अशी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्याच वर्षी वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेला सुमारे २४ लाख मुलांनी नावे नोंदवली. एमबीबीएसच्या जागा लाखाहून थोड्या अधिक, त्यातील जवळजवळ निम्म्या खाजगी महाविद्यालयांत. ज्या शेतकऱ्याने जमीन गहाण टाकून दोन वर्षांची फी भरली, त्याचा मुलगा उरलेल्या तेवीस लाखांत निघाला तर त्या दोन वर्षांत तो काय शिकला? चार पर्यायांपैकी एकावर खूण करणे. हेही एक प्रकारचे 'किमान कौशल्य'च आहे, आणि त्याला बाजारात मोल नाही.

आणि ज्यांनी व्यवसायशिक्षण पुरे केले त्यांचे काय होते? येथे मात्र संघटनेचा प्रश्न आहे, म्हणून जरा बारकाईने सांगतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याच्या कलम १८ नुसार शिकाऊ उमेदवार हा 'कामगार' नाही. आरोग्य, सुरक्षितता आणि अपघाताची भरपाई यांबाबत त्याला कायद्याचे छत्र आहे, पण कामगार कायद्यांचे एरवीचे संरक्षण नाही. शिकाऊ काळ संपल्यावर त्याला नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही. २०१४ च्या दुरुस्तीने मालकाने आपले भरतीचे धोरण आपणच ठरवावे असे म्हटले. २०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्या मुलाला किमान विद्यावेतन ठरले ते महिना सात हजार रुपये. एकाच साच्यावर, एकाच पाळीत, शेजारी उभा असलेला कायम कामगार त्याच्या कितीतरी पट वेतन घेतो. आमच्या काही कामगार संघटना या मुलांकडे पाहत नाहीत, कारण ती सभासद होऊ शकत नाहीत. मालक मात्र त्यांच्याकडे फार प्रेमाने पाहतो.

सरकारही मालकाचाच कित्ता गिरवते. २०२४ मध्ये राज्य शासनाने युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली : बारावी झालेल्याला सहा हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकाला आठ हजार, पदवीधराला दहा हजार. मुदत सहा महिने, मागाहून पाच महिने वाढवली. मुले शासकीय कार्यालयांत आणि शाळांत लागली, रिकाम्या जागांवरची कामे त्यांनी केली, आणि मुदत संपल्यावर आंदोलन करीत रस्त्यावर आली. मुलींची कथा तर जुनीच. बालसंगोपनाचा अभ्यासक्रम सरकारनेच शिकवायचा, आणि ती मुलगी अंगणवाडीत लागली की तिला वेतन न देता 'मानधन' द्यायचे. काम शिकवताना तो व्यवसाय असतो, पैसे देताना ती सेवा होते.

तेव्हा आपण काय करावे? मी कार्यक्रमपत्रिका आणलेली नाही, ती समितीने ठरवावी. माझ्या मनात आहे ते थोडक्यात सांगतो. दहावीपर्यंत प्रत्येक शाळेत, अनुदानित असो वा लाखभर फीची असो, आठवड्याचा एक दिवस खऱ्या कामाचा असावा आणि त्याचे गुण प्रत्येक मुलाच्या निकालात धरले जावेत, ही मागणी आपण जिल्हा परिषदेपासून विधिमंडळापर्यंत लावून धरावी. आयटीआयच्या मुलाला पदवीपर्यंत जाण्याची वाट कागदावर आहे, ती चालण्याजोगी व्हावी. शिकाऊ उमेदवारांना आपल्या संघटनांनी सभासद करून घ्यावे, कायदा काही म्हणो. सर्वांत आधी, येथे बसलेल्या प्रत्येकाने आपल्या तालुक्यातील शासकीय आयटीआयमध्ये एकदा जाऊन यावे. राज्यात अशा चारशेहून अधिक संस्था आहेत. किती यंत्रे चालतात, किती निदेशकांच्या जागा रिकाम्या आहेत, कोठल्या कारखान्यात मुले गेली आणि वर्षाने त्यातील किती तेथे उरली, एवढे टिपून आणावे. हे आकडे हाती आल्याशिवाय मोर्चा काढू नका.

माझा वेळ संपत आला आहे. एक गोष्ट मघाशी अर्धी राहिली. त्या मिस्त्रींचा मुलगा आमच्याकडे आला नाही. तो कला शाखेतून पदवीधर झाला, काही वर्षे विनाअनुदानित शाळेत बिनपगारी राहिला, आणि आता वडिलांच्याच अंगणात फर्निचर करतो. माझी मुलगी अभियंता होऊन बंगळूरला आहे. गेल्या जूनमध्ये मिस्त्रींचा फोन आला. नातू दहावी झाला, गुण बरे आहेत, आणि त्याला लाकडाचा वास आवडतो असे ते म्हणाले. "आता काय करायचं, गुरुजी?" मी म्हटले, फोनवर नको, घरी येऊन बोलतो. अजून गेलेलो नाही. उद्या शिबिर संपले की येथून तिकडेच जाणार आहे, आणि जाण्यापूर्वी तुमचे प्रश्न मला ऐकायचे आहेत.